चंपीचा मुक्काम

मल्लेश्वरममधल्या त्या जुन्या घरात सकाळी सर्वांत आधी जाग यायची ती चंपीला. पाच वाजून गेले की ती आजींच्या पलंगावर चढायची, पायथ्यापासून उशीपर्यंत सावकाश चालत यायची आणि आजींच्या गालाजवळ नाक नेऊन बसायची. ओरडणे नाही, ओरबाडणे नाही. आजी डोळे मिटून तशाच पडून राहिल्या, तर नखे आत घेतलेला एक पंजा हलकेच त्यांच्या पापणीवर यायचा. "उठले गं बाई, उठले," असे म्हणत आजी उठायच्या आणि दोघी स्वयंपाकघराकडे निघायच्या. चंपी पुढे, आजी मागे. हा क्रम सोळा वर्षांत फारसा कधी चुकला नाही.

चंपी या घरात आली ती २००८ सालच्या पावसाळ्यात. अंगणातल्या सोनचाफ्याखाली मुठीएवढे, भिजलेले, करड्या-पांढऱ्या रंगाचे पिल्लू ओरडत होते. नात तेव्हा चार वर्षांची होती. तिने ते फ्रॉकच्या घोळात घालून आत आणले आणि आजींच्या पुढ्यात ठेवले. सोनचाफ्याला कानडीत संपिगे म्हणतात. त्याच झाडांवरून इथल्या संपिगे रोडचे नाव पडले आहे. तेव्हा पिल्लाचे नाव ठरवायला कोणाला फार विचार करावा लागला नाही. घरच्यांनी चंपी म्हटले, शेजारच्या अय्यंगार मामींनी संपिगे म्हटले, आणि ती दोन्ही नावांना ओ देऊ लागली. मांजराला आपले नाव कळते का, असा प्रश्न पुष्कळ जण विचारतात. जपानमधील संशोधकांनी २०१९ साली याची तपासणी केली, तेव्हा पाळीव मांजरे आपले नाव इतर शब्दांपासून वेगळे ओळखतात असे आढळले. ओळखूनही उठायचे की नाही, हे मात्र त्या ठरवतात. चंपीच्या घरच्यांना हे सांगायला जपानमधून कोणी यायची गरज नव्हती.

उंदरांचे गाव, मांजरांची सोय

मल्लेश्वरम आणि मांजर यांचा संबंध तसा जुना आहे. १८९८ साली बंगळूर शहरात प्लेग आला. पेठांमधली दाटी कमी करावी, लोकांना मोकळ्या हवेत राहता यावे, या विचाराने मल्लेश्वरम आणि बसवनगुडी ही उपनगरे आकाराला आली. त्याच वर्षी कराचीत पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने प्लेग उंदरांवरच्या पिसवांमुळे पसरतो, हे दाखवून दिले. पुढे १९०८ साली अँड्र्यू ब्यूकॅनन नावाच्या, भारतात नोकरी करणाऱ्या एका लष्करी डॉक्टरांनी तर प्लेग टाळायचा असेल तर घरोघर मांजरे पाळावीत, असे वैद्यकीय नियतकालिकात लिहिले. मांजरालाही प्लेग होऊ शकतो, हे नंतर कळले. पण लाल फरशीच्या, उतरत्या कौलांच्या त्या घरांमध्ये मांजर असणे हे कुठेच नवल राहिले नाही.

आजींचे यजमान इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये नोकरीला होते. जुने लोक तिला अजून टाटा इन्स्टिट्यूटच म्हणतात. लग्न होऊन आजी साताऱ्याहून इथे आल्या, तेव्हा त्यांना कानडीचा एक शब्द येत नव्हता. पण काडू मल्लेश्वराच्या देवळात १६६९ सालचा शिलालेख आहे, आणि त्यात शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजीराजे यांनी देवाला एक गाव इनाम दिल्याची नोंद आहे, असे यजमानांनी सांगितले. "म्हणजे आपण काही अगदी परके नाही," असे वाटून त्यांना धीर आला. तेव्हापासून सोमवारी देवळात जायचे त्यांनी सोडले नाही. चंपी आली तशी ती फाटकापर्यंत त्यांच्या सोबत जाऊ लागली. आजी परत येईपर्यंत फाटकाच्या खांबावर बसून राहायची, आणि त्या दिसल्या की आपण काही कोणाची वाट पाहत नव्हतो, असे तोंड करून दुसरीकडे बघायची.

तिच्या आवडी, तिचे नियम

चंपीच्या सवयी घरातल्या प्रत्येकाला पाठ होत्या. दिवाणखान्याच्या फरशीवर सकाळी उन्हाचा एक चौकोन पडायचा आणि तो दुपारपर्यंत भिंतीकडे सरकत जायचा. चंपीही झोपेत त्याच्याबरोबर सरकायची. मिक्सर सुरू झाला की माळ्यावर आणि कुकरची शिट्टी झाली की कपाटामागे. वर्तमानपत्र कोणी उघडले की बरोबर वाचत असलेल्या बातमीवर. आजोबांची आरामखुर्ची त्यांच्या पश्चात कोणी वापरत नसे. तिने ती पहिल्या महिन्यातच ताब्यात घेतली, आणि आजींनी तिला कधी उठवले नाही.

पाहुण्यांमध्ये तिची एक खोड प्रसिद्ध होती. जे "या गं, ये ये" करून हात पुढे करायचे, त्यांच्याकडे ती पाठ फिरवायची. सुनेचे एक मामा मांजराला घाबरायचे. ते आले की अंग चोरून, दुसरीकडे बघत बसायचे. नेमकी त्यांच्याच मांडीवर ती चढायची. घरात यावर पुष्कळ हसणे व्हायचे, पण त्याला कारण आहे. टक लावून बघणे मांजराला धमकीसारखे वाटते. जो बघत नाही, तो तिच्या दृष्टीने सभ्य माणूस. डोळे अर्धवट मिटून सावकाश उघडले, तर मांजर बहुतेक वेळा तसाच जबाब देते आणि जवळ यायला तयार होते, असे इंग्लंडमधल्या ससेक्स विद्यापीठाच्या २०२० सालच्या अभ्यासात दिसून आले. आजी हे अनेक वर्षे करत होत्या. त्याला त्या "आमचं बोलणं" म्हणायच्या.

घर शाकाहारी. त्यामुळे सुरुवातीची काही वर्षे चंपी दूधभात आणि दहीभातावर राहिली. बाकीचे तिचे ती बाहेर बघत असे, आणि त्याची चौकशी कोणी करत नसे. पुढे एकदा पशुवैद्यांनी आजींना समजावले, की मांजर गाईसारखे नाही आणि माणसासारखेही नाही. टॉरीन नावाचा घटक त्याला मांसातूनच मिळतो. तो कमी पडला तर हृदय आणि डोळे बिघडतात. हृदयाचा हा संबंध १९८७ साली अमेरिकेत स्पष्ट झाला. बऱ्याच मोठ्या मांजरांना दूध पचतही नाही. त्यांना गोडाची चवही कळत नाही, कारण ती चव ओळखणारे जनुकच त्यांच्यात निकामी असते. आजींना या शेवटच्या गोष्टीचे फार वाईट वाटले. "म्हणजे इतकी वर्षं ती बासुंदी चाटत होती ती काय म्हणून?" तेव्हा सायीसाठी, असे डॉक्टर म्हणाले. त्या दिवसापासून तयार खाद्याचे पाकीट घरात आले. त्याची वाटी मागच्या पडवीत, वाढायचा चमचा वेगळा, आणि वाढायचे काम नातीचे, असा तह झाला.

सोळा म्हणजे ऐंशी

मांजराचे पहिले वर्ष माणसाच्या साधारण पंधरा वर्षांइतके, दुसऱ्या वर्षाअखेर चोवीस, आणि नंतरचे प्रत्येक वर्ष चार वर्षांचे, असा पशुवैद्यांचा ढोबळ हिशेब आहे. त्या हिशेबाने २०२४ साली चंपी ऐंशीची झाली. आजी एक्याऐंशीच्या होत्या.

म्हातारपण तिने बरेच दिवस कोणाला कळू दिले नाही. मांजराची ही रीतच असते. दुखणे दाखवणारा प्राणी रानात टिकत नाही, म्हणून ते लपवायची सवय त्याच्या रक्तात असते. आधी ती माळ्यावर जायची बंद झाली. मग खिडकीत चढताना मध्ये खुर्चीवर थांबू लागली. पाठीवरचे केस गुंतू लागले, कारण तिथवर मान वळवून चाटणे तिला जमेना. घरच्यांना वाटले, वय झाले, आळशी झाली. बारा वर्षांवरच्या शंभर मांजरांच्या क्ष-किरण चित्रांचा एक अभ्यास २००२ साली प्रसिद्ध झाला होता. त्यातल्या नव्वद मांजरांच्या सांध्यांत झीज दिसली होती. आळस म्हणून जे दिसते, ते पुष्कळदा सांधेदुखी असते.

आजींनी ते आपल्या गुडघ्यांवरून ओळखले. "हिचंही माझ्यासारखंच झालंय," म्हणून त्यांनी आपल्या दुखण्यावरच्या पॅरासिटामॉलच्या गोळीचा पाव तुकडा दह्यात चुरला. वाटी खाली ठेवणार, तेवढ्यात नातीने विचारले, "आजी, डॉक्टरांना विचारलंस का?" विचारले नव्हते. नातीने फोन लावला. पलीकडून डॉक्टर जवळजवळ ओरडलेच. मांजराच्या यकृताला हे औषध निकामी करता येत नाही. एका गोळीने, प्रसंगी तिच्या तुकड्यानेही मांजर दगावते. माणसाची दुसरी वेदनाशामकेही मनाने द्यायची नाहीत. आजींनी ती वाटी स्वतःच्या हाताने मोरीत ओतली, आणि त्या दिवशी जेवल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी चंपीला दवाखान्यात नेले. तिथे सुनेने सहज सांगितले, की हल्ली ही पाणी फार पिते, नळाखालच्या बादलीशी बसून असते. डॉक्टरांनी लगेच रक्त आणि लघवी तपासली. मूत्रपिंडे दमली होती. म्हाताऱ्या मांजरांत हा आजार फार आढळतो. दोनतृतीयांशाहून अधिक काम थांबेपर्यंत तो सहसा बाहेर दिसत नाही. तो बरा होत नाही, पण वेळेवर कळला तर आटोक्यात राहतो. वेगळे खाद्य, भरपूर पाणी, रक्तदाबावर लक्ष आणि गरज पडली की कातडीखाली सलाईन. "किती दिवस?" आजींनी विचारले. "काही महिने, किंवा काही वर्षं," डॉक्टर म्हणाले. "पण तिची रोजची घडी मोडू नका. तिला बदल सोसणार नाही."

घरी येताना गाडीत कोणी बोलले नाही. कारण घराची घडी मोडायचे आधीच ठरले होते.

घराचे मांजर की माणसाचे?

जुने घर पाडून तिथे चार मजली इमारत व्हायची होती. मल्लेश्वरमच्या गल्ल्यांतून अशी कितीतरी घरे गेली. कौले गळत होती, दुरुस्तीला माणूस मिळत नव्हता. बांधकाम पुरे होईपर्यंत दोन वर्षे जवळच भाड्याच्या जागेत काढायची, तीही तिसऱ्या मजल्यावर. आजींनी सही केली होती, पण चंपीचा विचार त्या कागदात कुठेच नव्हता.

एका रात्री जेवताना मुलाने विषय काढला. "आई, मांजर घराचं असतं, माणसाचं नाही. तिथं ना अंगण, ना भिंत. शेजारी मामी तिला ठेवून घ्यायला तयार आहेत. गल्ली तीच, वास तेच. तिच्याच भल्याचं सांगतोय मी."

मुलाचे बोलणे दुष्टपणाचे नव्हते. मांजर जागेला धरून असते, हे खोटे नाही. गाल घासून ते आपल्या वाटा, दारे, खांब यांवर स्वतःचा वास लावून ठेवते, आणि त्या वासात त्याला सुरक्षित वाटते. पण माणसाशी त्याचा काही संबंध नसतो, हेही खरे नाही. अमेरिकेतल्या ऑरेगॉन राज्य विद्यापीठात २०१९ साली मांजरांची पारख झाली. अनोळखी खोलीत एकटे ठेवल्यावर माणूस परत आला, की सुमारे ६५ टक्के मांजरे त्याच्या आधाराने शांत होत होती. तान्ह्या मुलांमध्येही हे प्रमाण जवळपास असेच आढळते.

सून म्हणाली, "सलाईन कोण लावणार? मामींचे हात थरथरतात." नात काहीच बोलली नाही. ती चंपीला मांडीवर घेऊन बसली होती. आजी म्हणाल्या, "उद्या मामींनाच विचारते."

मामी ऐंशीच्या आत-बाहेर होत्या. आजींचे सगळे ऐकून घेऊन त्या कानडीत म्हणाल्या, "आमच्यात एक जुनी गोष्ट सांगतात. माकडाचं पिल्लू आईला स्वतः घट्ट धरून ठेवतं. मांजराचं पिल्लू काहीच करत नाही. आईच त्याला तोंडात धरते आणि नेते." दक्षिणेकडच्या श्रीवैष्णवांमध्ये यावरून दोन पंथ पडले. देवाला आपण धरायचे की देव आपल्याला धरतो, हा त्यांचा वाद. मामी दुसऱ्या, म्हणजे मांजराच्या पंथाच्या. "माझ्याकडे ठेवलीत तर मी नाही म्हणणार नाही," त्या म्हणाल्या. "पण ती रोज तुमच्या पडक्या घरात जाऊन बसेल. तिला काय विचारताय? उचला आणि न्या."

तिसरा मजला

मग डॉक्टरांना विचारून तयारी झाली. सामान हलवायच्या दिवशी चंपीला मोरीच्या बाजूच्या शांत खोलीत बंद करून ठेवले आणि सर्वांत शेवटी, चादर झाकलेल्या टोपलीतून नेले. नव्या जागेत तिला सगळे घर एकदम मोकळे केले नाही. फक्त आजींची खोली. तिथे आजोबांची आरामखुर्ची, तिची न धुतलेली गोधडी, तीच वाटी. वाळूचा ट्रे बसक्या काठाचा, कारण उंच काठ ओलांडताना म्हाताऱ्या मांजराचे पाय दुखतात. पाण्याची भांडी खाद्यापासून दूर, दोन ठिकाणी. खिडक्यांना जाळी आधीच लावलेली. मांजर कितीही उंचावरून पडले तरी पायांवर उतरते, या समजुतीपायी शहरात पुष्कळ मांजरे हाडे मोडून घेतात.

पहिला दिवस ती पलंगाखालून बाहेर आली नाही. दुसऱ्या दिवशीही खाद्याला तोंड लावले नाही. डॉक्टरांनी बजावले होते, की मांजराला दोन-तीन दिवस उपाशी राहू द्यायचे नाही. उपाशी मांजराच्या यकृतात चरबी साठते आणि त्यातून वेगळेच संकट उभे राहते. रात्री अकरा वाजता आजींनी खाद्य गरम पाण्यावर ठेवून कोमट केले. म्हातारपणी नाकाची ताकद कमी होते, आणि कोमट अन्नाचा वास लवकर येतो. आजवर त्या भांड्याला आजींनी हात लावला नव्हता. त्या रात्री त्यांनी बोटावर थोडे खाद्य घेतले, गुडघे धरून फरशीवर बसल्या आणि हात पलंगाखाली धरला. बराच वेळ काहीच झाले नाही. मग बोटाला खरखरीत जीभ लागली.

मुलगा दारात उभा राहून बघत होता. त्याने आत येऊन आईला हात धरून उठवले, आणि सकाळी सुताराकडे न जाता स्वतःच दोन जुने पाट घेऊन पलंगाशी पायरी करून दिली.

घरात म्हातारे मांजर असेल, तर वर्षातून दोनदा त्याची तपासणी करून घ्यावी आणि वजनाची नोंद ठेवावी. पाणी जास्त पिणे, उडी चुकणे, ट्रेबाहेर घाण करणे, रात्री विनाकारण ओरडणे, भरपूर खाऊनही वाळत जाणे, यांतले काहीही दिसले तर ते वयावर ढकलून स्वस्थ बसू नये. घर बदलताना जनावर मागे सोडून जाणारे लोक आजही आहेत. उपाशी-तहानलेले राहील अशा स्थितीत प्राणी टाकून देणे हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे, हे त्यांतल्या बऱ्याच जणांना ठाऊक नसते.

चंपीला आता एक दिवसाआड सलाईन लागते. ते नात लावते, आणि सून तिचे डोके धरते. कधी खाते, कधी नुसते हुंगून परत फिरते. नवी इमारत उभी राहायला अजून अवकाश आहे. तोपर्यंत ती असेल का, हा प्रश्न घरात कोणी काढत नाही. सोमवारी आजी रिक्षाने देवळात जातात. येताना जुन्या जागेवरून जाणारा रस्ता त्या रिक्षावाल्याला टाळायला सांगतात.

तिसऱ्या मजल्यावरच्या अकराव्या दिवशी पहाटे अंधारात आजींना पाटावर नखांचा बारीक आवाज आला. एक पाट, दुसरा पाट, मग गादी दबली. त्या डोळे मिटून पडून राहिल्या. पायथ्यापासून उशीपर्यंत यायला चंपीला पूर्वीपेक्षा पुष्कळ वेळ लागला. मग गालाजवळ नाक आले, आणि थोड्या वेळाने पापणीवर पंजा.

"उठले गं बाई," आजी म्हणाल्या. "उठले."